मिग-२१ची चाके कुठे जातात?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. १९६३ मध्ये सुरू झालेली बासष्ट वर्षांची सेवा त्या दिवशी संपली. या विमानाची युद्धांतील कामगिरी, त्याचे अपघात, त्यातले वैमानिक यांविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. हे विमान स्वतःच्या हातांनी लहान आकारात बनवावे आणि रेडिओ-नियंत्रणाने उडवावे, असे ते वाचून काही विद्यार्थ्यांच्या मनात आले असेल. त्यांच्यासाठी, आणि त्यांना प्रकल्प नेमून देणाऱ्या शिक्षकांसाठी हे लेखन आहे. मिग-२१ची प्रतिकृती करणार असाल तर रंगापासून किंवा नाकातल्या शंकूपासून सुरुवात करू नका, चाकांपासून करा. तेही आत ओढली जाणारी, खऱ्या विमानासारखी चाके.

या सूचनेवरचा नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. चाके आत घेणे ही निव्वळ शोभा आहे, त्याने वजन वाढते, बिघाड वाढतात आणि लहान विमानाला त्याचा फारसा उपयोग नसतो, असे अनुभवी मंडळी सांगतात. यातील प्रत्येक विधान खरे आहे. तरीही निष्कर्ष मला मान्य नाही. जो भाग सर्वांत जास्त त्रास देतो, तोच विमानशास्त्राच्या सगळ्या शाखांना एका टेबलावर बसवतो. आपल्या विद्यार्थ्यांना नेमक्या त्या टेबलाची गरज आहे.

आधी खऱ्या विमानाचा प्रश्न समजून घेऊ. मिग-२१चा पंख त्रिकोणी आणि अतिशय पातळ आहे. त्याची जाडी रुंदीच्या साधारण चार ते पाच टक्के. ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या जवळ जायचे तर जाड पंख परवडत नाही. चाकांचा पाय ज्या ठिकाणी बसतो तिथे पंखाची रुंदी चार मीटर धरली, तर जाडी येते जेमतेम २० सेंटिमीटर. आता चाक पाहा. या विमानाच्या नंतरच्या प्रकारांत मुख्य चाकाचा व्यास ८०० मिलिमीटर आणि रुंदी २०० मिलिमीटर आहे. म्हणजे चाक आडवे निजवले तरी पंखाची सगळी जाडी तेच व्यापणार. पत्रा, आतल्या फासळ्या आणि इंधन यांना जागाच उरणार नाही.

रशियन अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा देखणा आहे. पाय पंखात आडवा जातो. चाक मात्र पायाच्या टोकाशी सुमारे ८७ अंशांतून वळते आणि विमानाच्या धडात जवळजवळ उभे राहते. बारीक पायाला पातळ पंख पुरतो, जाड चाकाला खोल धड मिळते. नाकाखालचे तिसरे चाक पुढच्या बाजूला वर जाते. विमान धावपट्टी सोडून वर चढते तेव्हा हे सर्व काही सेकंदांत घडते, आणि पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

हाच प्रश्न १:८ प्रमाणाच्या प्रतिकृतीत जसाच्या तसा उभा राहतो. मूळ पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे प्रतिकृतीचा सुमारे ८९ सेंटिमीटर. चाक १० सेंटिमीटर व्यासाचे, अडीच सेंटिमीटर रुंदीचे. पंखाची जाडीही तितकीच. आता पळवाटा अनेक आहेत. पंख जाड करता येतो, चाक बारीक घेता येते, किंवा पाय कायमचे खाली ठेवून उडवता येते. शिकाऊ विमानासाठी या पळवाटा रास्तच आहेत. परंतु प्रतिकृतीला हुबेहूब म्हणायचे असेल, तर मूळ अभियंत्यांसमोर जो पेच होता तो आपल्यासमोरही असायला हवा. नाहीतर आपण फक्त चित्राची नक्कल केली, असे होते.

पेच सोडवण्याचा एक मार्ग घरच्या घरी, पुठ्ठ्यावर तपासता येतो. विमान समोरून पाहिल्याचे रेखाटन करा. पुठ्ठ्याची एक पट्टी म्हणजे पाय. तिचे वरचे टोक टाचणीने पंखावर खिळवा. खालच्या टोकाला चाकाचा लहान आयत, तोही टाचणीवर फिरता. आता पहिल्या पट्टीला समांतर, तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी लावा, वरचे टोक पंखाला आणि खालचे चाकाला. हा झाला समांतरभुज चौकोन. पाय आतल्या बाजूला नव्वद अंश फिरवा. चाक सबंध प्रवासात उभेच राहते. वेगळ्या मोटारीने चाक वळवण्याची गरज नाही, आणि म्हणून दोन हालचालींचा मेळ चुकण्याचीही भीती नाही.

पण इथेच खरे शिक्षण सुरू होते. वरच्या दोन टाचण्या एकाखाली एक लावल्या, तर पाय पूर्ण खाली आल्यावर दोन्ही पट्ट्या एका रेषेत येतात आणि चाक लटलट हलू लागते. म्हणजे नेमके उतरण्याच्या क्षणी. टाचण्या आडव्या रेषेत लावल्या, तर हीच गत पाय वर गेल्यावर होते. दुसरी टाचणी पहिलीच्या वर आणि धडाच्या बाजूला, ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत लावली, की दोन्ही टोकांना यंत्रणा तग धरते. हे समजायला भूमितीचे पुस्तक पुरेसे आहे, पण ते पटायला पुठ्ठाच लागतो. शिवाय दोन टाचण्यांतले अंतर वाढवावे तितकी पकड घट्ट होते, आणि ते वाढवू देत नाही पंखाची तीच जाडी. भूमिती, बळ आणि वायुगतिकी यांचे भांडण एका लहानशा पट्टीत असे उघड दिसते.

पुढचा प्रश्न वजनाचा. खऱ्या विमानाचे उतरतानाचे वस्तुमान ६,००० किलोग्रॅम धरू. सर्व लांब्या एक-अष्टमांश केल्या तर घनफळ ५१२ पटींनी घटते. त्याच घनतेची प्रतिकृती सुमारे १२ किलोची होईल. तिचा उतरण्याचा वेग मूळ वेगाच्या आठच्या वर्गमुळाने भागलेला, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर धरल्यास सुमारे १०६ येतो. पण प्रतिकृती ३ किलोत बसवली, तर वजन चौथाई झाल्याने वेग निम्मा होतो, ताशी ५३ किलोमीटर. आणि जमिनीवर टेकताना जिरवायची गतिज ऊर्जा एक-सोळांश. बाल्सा लाकडाच्या प्रत्येक तुकड्यावर मॉडेलकार का घासाघीस करतात, ते या एका हिशेबात आहे. आत ओढल्या जाणाऱ्या चाकांनी ४०० ग्रॅम वाढवले, तर वेग ५३ वरून ५६ वर जातो. किंमत आहे, पण ती मोजता येते. आक्षेप घेणाऱ्यांनी आणि हौस करणाऱ्यांनी, दोघांनीही ती मोजून मग वाद घालावा.

मग येतो धक्का. प्रतिकृती टेकताना सेकंदाला एक मीटर वेगाने खाली येत असेल, तर तो धक्का ५ सेंटिमीटर उंचीवरून सोडल्याइतकाच असतो. ऐकायला किरकोळ वाटते. ३ किलोच्या विमानात ही ऊर्जा दीड ज्यूल आहे. पायातील स्प्रिंग १० मिलिमीटर दबली, तर सरासरी बळ वजनाच्या सुमारे पाचपट भरते. पाय ताठ असला आणि सगळे मिळून २ मिलिमीटरच लवले, तर तेच बळ पंचवीसपटीच्या घरात जाते, आणि पाय नाही मोडला तर ज्यात तो बसवला तो प्लायवुड उखडतो. आपल्याकडची मैदाने बहुधा खडबडीत, गवताळ. चाक अडखळले की मागे खेचणारे बळही त्याच बिजागरीवर येते. म्हणून हे बळ मोटारीने पेलायचे नसते. पाय पूर्ण उतरला की कडीने मृतबिंदू ओलांडून बसले पाहिजे, किंवा मोटारीने मळसूत्र फिरवून पाय सरकवावा, म्हणजे पायाकडून आलेला धक्का मळसूत्राला उलटे फिरवू शकत नाही.

गुरुत्वमध्याचा सापळा याहून सूक्ष्म आहे. नाकाखालचा ८० ग्रॅमचा पाय पुढे जाताना त्याचे वस्तुमान १०० मिलिमीटर सरकले, तर ३ किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य सुमारे पावणेतीन मिलिमीटर पुढे जातो. उलट चाके खाली येतात तेव्हा तो तितकाच मागे येतो, आणि गुरुत्वमध्य मागे गेला की विमान अस्थिरतेकडे झुकते. म्हणून तोल नेहमी चाके खाली ठेवून तपासावा. टेबलावर चाके आत घेऊन तोल पाहिला, समाधान मानले, आणि विमान मात्र उतरताना बिथरले, असे होऊ शकते. दोष मग वाऱ्याला दिला जातो.

या सगळ्याचा राष्ट्रीय विज्ञानवार्तांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलासाठी विकसित केलेले तेजस आयएनएस विक्रमादित्यवर प्रथमच उतरवले. जमिनीवर उतरणाऱ्या विमानाचे पाय सेकंदाला सुमारे ३ मीटर अधोगती गृहीत धरून आखतात. विमानवाहू नौकेसाठी हा आकडा ७ मीटरच्या आसपास जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पाचपटीहून अधिक. पुठ्ठ्याच्या पट्टीवर जो हिशेब केला, तोच इथे टनांत करावा लागतो. इस्रोच्या ‘पुष्पक’ या पंखयुक्त यानाचेही तेच. २ एप्रिल २०२३ च्या पहिल्या अवतरण-चाचणीनंतर, २२ मार्च २०२४ च्या दुसऱ्या चाचणीपूर्वी, त्याच्या सांगाड्याबरोबर लँडिंग गिअरही अधिक भार सोसण्यासाठी बळकट करण्यात आले. बातमीत ते एका ओळीत येते. त्या ओळीमागचे काम किती असते, हे ज्याने स्वतः एकदा मोडलेला पाय बसवला आहे त्याला सांगावे लागत नाही.

मिग-२१ आपण नुसते विकत घेतले नाही. परवान्याखाली नाशिकजवळच्या ओझरला त्याचा सांगाडा, ओडिशातील कोरापूट येथे इंजिन आणि हैदराबादला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनत. ओझरच्या कारागिरांनी ती वळणारी चाके हातांनी जुळवली, तपासली, दुरुस्त केली. परवान्याचे उत्पादन म्हणजे स्वतःचे संकल्पन नव्हे, ही टीका योग्यच आहे. पण दुसऱ्याचे संकल्पन ‘असेच का’ हे विचारत उलगडणे ही स्वतःच्या संकल्पनाची पहिली पायरी असते. हुबेहूब प्रतिकृती विद्यार्थ्याला तो प्रश्न विचारायला भाग पाडते. फोमचे तयार विमान खोक्यातून काढून उडवणारा उत्तम वैमानिक होऊ शकेल; त्याला हा प्रश्न पडण्याचे कारण मात्र उरत नाही.

म्हणून शिक्षकांपुढे दोन मागण्या ठेवतो. पहिली, प्रकल्पाचे गुण केवळ उड्डाणाला देऊ नका. यंत्रणा टेबलावर सलग शंभर वेळा आत-बाहेर करून दाखवणे, ही स्वतंत्र परीक्षा असावी. दुसरी, बिघाडांची वही मागा. कितव्या फेरीत काय अडकले, दाराआधी पाय हलला की पायाआधी दार मिटले, एकच चाक उतरल्यावर काय ठरवले, हे लिहिलेले असावे, आणि प्रामाणिक नोंदीला गुण असावेत. मोडलेले विमान लपवायला लावणारी शाळा अभियंता घडवू शकत नाही.

विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच, की क्रम उलटा करू नका. आधी हाताने फेकायचे ग्लायडर, मग स्थिर चाकांचे साधे विमान, त्यानंतर मिग. ड्रोन नियम, २०२१ मध्ये शिक्षण, संशोधन आणि मनोरंजनासाठीच्या २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे; तो मजकूर मुळातून वाचा, आणि आपले मैदान निर्बंधित हवाई क्षेत्रात येत नाही ना, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहूनच बाहेर पडा. वेगाने येणारे ३ किलोचे विमान खेळणे नसते.

पुठ्ठा, कात्री आणि चार टाचण्या आजच घरात सापडतील. टाचण्या आधी एकाखाली एक लावून पाहा, चाक कसे लटलटते ते बोटांना कळू द्या, आणि मगच ती दुसरी टाचणी तिरपी सरकवा.