दारूच्या महसुलात उपचारांचा वाटा

जून २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. या निर्णयातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा सरकारचा अंदाज होता. माझी मागणी सरळ आहे. दारूपासून मिळणाऱ्या महसुलाचा किमान दोन टक्के वाटा व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याच्या सार्वजनिक सेवांसाठी कायद्याने बांधून द्यावा. त्यामागचे मुद्दे असे :

१. उपचार हा हक्क आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १८नुसार सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकारही या कायद्याच्या व्याख्येत येतात. हक्क दिला, की पैशांची तरतूदही करावी लागते.

२. उपचार माणसापर्यंत पोचत नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. २०२२मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली. देशात हा आकडा सर्वांत मोठा होता. प्रत्येक आत्महत्येमागे व्यसन किंवा आजार असतो असे नाही. तरीही वेळेवर मदत मिळाली असती तर यातले कितीतरी जीव वाचले असते.

३. आज हा खर्च घर सोसते. सरकारी खाट मिळत नाही तेव्हा बायको दागिने मोडते, आई सावकाराकडे जाते आणि रुग्णाला खासगी केंद्रात ठेवले जाते. महिन्याभराने पैसे संपले, की उपचारही थांबतात. पुण्यात १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाखाची देणगी दिली. अशा देणग्यांचे मोल फार मोठे आहे. पण अख्ख्या राज्याची सेवा देणग्यांवर चालवता येणार नाही.

४. सेवा तालुक्यात हवी. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, तर हात थरथरतात, फिट येते, भास होतात. काहींच्या जिवावर बेतते. त्याचे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. त्यासाठी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात राखीव खाटा आणि औषधांचा अखंड साठा लागेल.

५. हे करता येते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी दारूने त्रस्त पुरुषांशी काही बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्हीकडे गावपातळीवरच्या माणसांना शिकवून, त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ उभे केले होते. अशा माणसांना कायमची नेमणूक आणि वेळेवर पगार मिळालाच पाहिजे.

६. पैसा आहे. राज्य उत्पादन शुल्कातून वर्षाला २० हजार कोटींहून अधिक रक्कम जमा होते. दोन टक्के म्हणजे किमान ४०० कोटी. ३६ जिल्ह्यांत सारखे वाटले, तरी जिल्ह्याला ११ कोटी येतात. कामासाठी कर बांधून देण्याची वाटही महाराष्ट्राला नवी नाही. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कर आणला गेला. नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामी आली.

७. आक्षेप. ‘तो स्वतः पितो, मग खर्च आम्ही का करायचा?’ विक्रीचे परवाने सरकार देते, शुल्क सरकार घेते. त्या विक्रीतून होणाऱ्या आजाराची जबाबदारीही सरकारवर येतेच. ‘अशाने सरकार दारूच्या पैशावर आणखी अवलंबून राहील.’ ही भीती रास्त आहे. म्हणून कायद्यातच किमान रक्कम ठरवावी आणि विक्री घटली तरी ती कमी होऊ नये. ‘त्यापेक्षा दारूबंदी करा.’ गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, तरीही तिथे ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती अभियानाला व्यसनी रुग्णांसाठी तालुका क्लिनिक चालवावे लागते. बंदी असो वा नसो, रुग्णाला उपचार लागतातच.

८. खाती दोन, रुग्ण एक. व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय खात्याकडे, मानसिक आजार आरोग्य खात्याकडे. नैराश्य आणि दारू एकाच माणसात असतात तेव्हा त्याला दोन दारी फिरावे लागू नये. जिल्ह्याचा आराखडा एक असावा आणि उत्तर देणारा अधिकारीही एक.

९. हिशेब विधिमंडळात मांडावा. किती जणांनी उपचार सुरू केले, सहा महिन्यांनी किती टिकले, किती पदे रिकामी आहेत, औषध किती दिवस संपलेले होते, हे दरवर्षी तालुकावार छापावे.

अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना पत्र लिहा. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसासाठी खाट, औषध आणि समुपदेशक आहेत का, असे विचारा आणि उत्तर लेखी मागा.