फ्यूज खोटं बोलत नाही

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. गाडीचा फ्यूज! आयुष्यभर मराठी शिकवलेल्या मास्तराने या भानगडीत कशाला पडावं, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या घरोघरी आता गाड्या आहेत, पोरंसोरं रात्री-अपरात्री धुळे-जळगाव ये-जा करतात, आणि आपल्याकडे एक वाक्य फार बोकाळलं आहे: "चाली जाई भो!" म्हणून लिहितो.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात फ्यूजला फार सुंदर शब्द आहे, वितळतार. त्या शब्दातच त्याचं काम आलं. ठरलेल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की ती तार स्वतः वितळते आणि पुढचा प्रवाह तोडते. म्हणजे फ्यूज उडाला तर तो बिघडला असं नव्हे. त्याने आपलं काम चोख केलं. बिघाड दुसरीकडेच कुठेतरी आहे आणि तो ओरडून तेच सांगतो आहे. वर्गात एखादं पोर रोज पोट दुखतं म्हणून सांगू लागलं, तर आपण त्याला गप्प बसवतो का? पोटात काय झालंय ते पाहतो ना? मग फ्यूजच्याच तोंडावर का हात ठेवायचा?

आणि आपण नेमकं तेच करतो. १५ चा उडाला की ३० चा बसवतो. तोही नसला तर तांब्याची तार गुंडाळतो, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी! माझा एक पुतण्या रावेर भागातून केळी घेऊन धुळ्याला पिकअप नेत असतो. गाडीला त्याने दोन जास्तीचे दिवे आणि मोठा हॉर्न लावून घेतला. मग फ्यूज उडू लागला. रस्त्यावरच्या एका मिस्तरीने पाच मिनिटांत तार बसवून दिली. पुतण्या खूश! म्हणाला, "काका, आता कधीच उडणार नाही." मी म्हटलं, "अरे, भीती तर त्याचीच आहे."

यातलं गणित सातवीच्या पोरालाही येईल. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा एक दिवा ५ अँपिअर घेतो, दोन दिवे १०. १५ चा फ्यूज ते सहज सोसतो. त्याच वायरवर १०० वॅटचे आणखी दोन दिवे जोडले, तर आणखी १६ च्या वर अँपिअर लागले. एकूण झाले २६ च्या पुढे. फ्यूज उडणारच! आता तिथे ३० चा बसवला तर फ्यूज टिकेल, पण वायर तर तीच जुनी, १५ च्या हिशेबाची. शिवाय उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. फ्यूज वितळला नाही तर वायरचं आवरण वितळेल. त्यातून आपला खान्देशी उन्हाळा! मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात, बॉनेटच्या आत काय होत असेल याचा विचार करा.

पुढे जळगावच्या एका जुन्या जाणत्या वायरमनने गाडी पाहिली. जास्तीच्या दिव्यांना त्याने वेगळी जाड वायर, रिले आणि स्वतंत्र फ्यूज दिला. शिवाय एक वायर पत्र्याला घासून उघडी पडलेली सापडली, ती बदलली. फ्यूज उडणं बंद झालं, पण यावेळी खऱ्या कारणाने.

तेव्हा आमच्या घरातल्या सर्व चालकांना माझं सांगणं असं. फ्यूज उडाला तर आधी गाडी बंद करा, किल्ली काढा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. जो आकडा लिहिला असेल तोच बसवा. रंगही ठरलेले असतात, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. नवा फ्यूज एकदाच घालून पाहा. पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका, पण तो कधी उडाला ते लक्षात ठेवा. किल्ली फिरवताच उडाला तर बहुधा वायर कुठेतरी पत्र्याला चिकटली आहे. वायपर किंवा काच चालू केल्यावरच उडत असेल तर दोष तिथे. खड्ड्यात आदळल्यावर उडत असेल तर वायर घासते आहे. दहा मिनिटांनी उडत असेल तर भार जास्त आहे किंवा एखादी मोटर जड झाली आहे. वायरमनला एवढं सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहायला सांगा. पुढच्या दिव्यांचा फ्यूज असेल तर रात्री गाडी हलवूच नका. आणि विजेवर चालणारी गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हातही लावू नका.

जळका वास किंवा धूर आला, तर मात्र फ्यूज शोधत बसायचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एरंडोलहून जळगावला गरोदर बाईला आणणारी रुग्णवाहिका दादावाडीजवळच्या उड्डाणपुलावर पेटली. ती फ्यूजमुळे पेटली असं मी म्हणत नाही. पण चालकाने इंजिनातून धूर दिसताच गाडी थांबवली, सगळे उतरले, आसपासच्या लोकांनाही त्याने लांब जायला सांगितलं. नंतर आतलं ऑक्सिजनचं सिलिंडर फुटलं, जवळच्या घरांच्या काचा फुटल्या, पण माणसं वाचली. "चाली जाई" म्हणून तो पुढे निघाला असता तर?

पण उतरतानाही भान हवं. २२ जानेवारी २०२५ ला पाचोरा तालुक्यात पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळांवर उतरले आणि कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जण गेले. म्हणून महामार्गावर गाडी डावीकडे घ्या, किल्ली बंद करा, डाव्या बाजूनेच उतरा आणि लांब जाऊन उभे राहा. बॉनेट उघडून पाहायचा मोह आवरा, हवा मिळाली की आग भडकते.

काही जण म्हणतील, मास्तर, वायरमनकडे जायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा? खरं आहे. केळीची गाडी थांबली तर माल काळा पडतो, हे मी खान्देशात राहून जाणतोच. पण मग निदान तो उडालेला फ्यूज तसाच राहू द्या. एक दिवस हॉर्न वाजला नाही, टेप लागला नाही, म्हणून कुणाचं घर बुडत नाही. तार गुंडाळून गाडी हाकली तर मात्र बुडू शकतं.

पुतण्याच्या गाडीत मी आता योग्य आकड्यांच्या फ्यूजची एक छोटी डबी ठेवायला लावली आहे. पाच-पन्नास रुपयांचा मामला आहे. तुम्हीही ठेवा. आणि त्या डबीत तांब्याची तार कुणी ठेवली असेल, तर ती आजच काढून टाका.