घरदुरुस्ती : हात आपला, सल्ला जाणत्याचा

कर्जत-खालापूर भागात वर्षास सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथे घराची शाकारणी ही हौस नव्हे, संसाराची गरज आहे. ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडविली, तेव्हा अनेकांस स्वतःच शिडी लावावी लागली. शेतकऱ्याने आपले घर आपल्या हाताने नीट करावे, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु न विचारता केलेली दुरुस्ती पुष्कळदा दुप्पट खर्चात पाडते.

आमचाच अनुभव सांगतो. मातीच्या भिंतीस ओल दिसली म्हणून आम्ही वरून सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली आणि दोन पावसाळ्यांत गिलावा सुटला. खरा दोष पायाशी साचणाऱ्या पागोळ्यांच्या पाण्यात होता! वृद्ध गवंड्यास आधी विचारले असते, तर एक चर खणून काम भागले असते.

म्हणून सल्ला मागताना 'काय लावू?' असे न विचारता 'असे का होते?' असे विचारावे. गळती कोठे व कोणत्या वाऱ्याने होते, हे नीट सांगावे. कारण फुटके कौल एकीकडे असते आणि पाणी वाशावरून ओघळून दुसरीकडे टपकते. वासा वाळवीने पोखरला असल्यास मात्र वर न चढता सुतारास बोलवावे. शाकारणी वैशाखात आटोपावयाची, तर ही विचारपूस चैत्रातच झाली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.