चेहरा उसना, अभिनय माणसाचाच

गंगाखेडच्या संत जनाबाईंची भूमिका १९४९ च्या ‘संत जनाबाई’ चित्रपटात हंसा वाडकरांनी केली. उद्या ती संगणकाने घडवलेली नटी करील, असे आता छातीठोकपणे सांगितले जाते. चेहरा जमेलही, पण जात्याचा खुंटा ओढताना खांदा कसा झुकतो, ओवी म्हणता म्हणता दम कुठे लागतो, हे अंग झिजवल्याशिवाय उमगत नाही. २०१६ च्या ‘रोग वन’ या हॉलिवूडपटात दिवंगत अभिनेते पीटर कुशिंग पडद्यावर परतले, हा दाखला हमखास दिला जातो. प्रत्यक्षात तिथेही गाय हेन्री या नटाने अभिनय केला आणि कुशिंग यांचा चेहरा त्यावर चढवला गेला. गर्दीतल्या कलाकारांची कामे मात्र यंत्र गिळेल, ही भीती खरी आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडचे कलाकार ११८ दिवस संपावर गेले, त्यामागे ही भीतीही होती. आपल्याकडेही कलाकाराचा चेहरा वापरण्याआधी लेखी संमती आणि मोबदला बंधनकारक हवा.