नाणेघाट वाचला, घाटघर वाचायचे राहिले

जुन्नरला येणारा इतिहासप्रेमी नाणेघाटात नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख न्याहाळतो, शिवनेरीवर माथा टेकवतो आणि परततो. वाटेवरच्या घाटघरचे महादेव कोळी त्याच्या छायाचित्रांत केवळ पार्श्वभूमीला उरतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांसाठी घाट चढणाऱ्याने तिथल्या जिवंत बोलीसाठी घटकाभरही थांबू नये, हे विचित्रच.

शिवनेरीवरचा कोळी चौथराही असाच ओलांडला जातो. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या कत्तलीची ती खूण मानली जाते. या जमातीचा पहिला सविस्तर इतिहास १८३०च्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉशने लिहिला. कोळ्यांचे बंड मोडण्यासाठी फौज घेऊन डोंगरात फिरलेला हाच अधिकारी! त्याची माहिती मोलाची आहे, पण नजर पाठलाग करणाऱ्याची आहे. आतून लिहिणारा अभ्यासक मिळायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला; जुन्नरच्याच निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी ते काम केले.

जे कागदावर आले नाही, ते शब्दांत टिकले. ‘पडकई’ हा असाच एक शब्द. शेजारच्या आंबेगावच्या पश्चिम डोंगरांत आजही तो ऐकू येतो. शेतीची कामे सरली की काही कुटुंबे एकत्र येतात, उतारावर दगडांचे बांध रचतात, माती अडवतात, भाताची खाचरे घडवतात. आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, श्रमाची फेड श्रमाने. या एका शब्दात जमीन, ऋतू आणि नातेसंबंध यांचा इतिहास आहे. ‘बाळहिरडा’ हाही तसाच शब्द: कोवळ्या फळाला वेगळे नाव, कारण त्यावर घरात येणारा पैसा अवलंबून.

ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५च्या मराठी खंडात ठाकरी आणि कातकरी बोलींना मराठीच्या रूपांमध्ये जागा मिळाली. शाळेत मात्र या बोलींतले शब्द बहुधा ‘अशुद्ध’ ठरतात. महोत्सवाच्या मंचावर आदिवासी नृत्याला टाळ्या आणि वर्गात त्याच मुलाच्या उच्चाराला हसू, याला संस्कृतीचा गौरव कसे म्हणावे?

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घोड नदीच्या खोऱ्यातल्या बुडालेल्या शेतांची, देवांच्या जागांची आणि पायवाटांची नावे आता ती वाट चाललेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहेत. पुढच्या भटकंतीत वहीचे एक पान त्यांच्यासाठी कोरे ठेवावे, आणि नाव जसे उच्चारले जाईल तसेच लिहावे.