तणनाशकाला आवर, तणांना आवरणार कोण?

'तण खाई धन' ही म्हण खान्देशातील कापूस उत्पादकाला समजावून सांगावी लागत नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत निंदणीच्या खुरप्याची जागा अनेक शेतांत पाठीवरच्या पंपाने घेतली. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटची गणना 'बहुधा कर्करोगकारक' पदार्थांत केली. केंद्र सरकारनेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. तणनाशक कमी केल्यास शेतात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

त्याचे उत्तर मातीत दडलेल्या बियांत आहे. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया टाकते आणि त्या सगळ्याच एका पावसात उगवत नाहीत. त्यामुळे फवारणी घटविल्याचा परिणाम पहिल्याच हंगामात पूर्णपणे दिसेल असे नाही. तण फुलोऱ्यापूर्वी निघाले, तर बियांचा साठा घटत जातो. एक-दोन हंगाम ते पिकू दिले, तर पुढील कित्येक वर्षांची निंदणी वाढते.

कपाशीला पहिले सुमारे ६० दिवस निर्णायक असतात. पीक सावकाश वाढते, ओळींतील जागा मोकळी असते आणि तण तिचा ताबा घेते. पेरणीनंतर उगवणीपूर्वी फवारलेले पेंडीमिथॅलिन हंगामी तणांना काही आठवडे रोखून धरते. ते वगळल्यास पहिली कोळपणी लवकर करण्यावाचून गत्यंतर नसते.

तणांची संख्याच नव्हे, तर त्यांचा प्रकारही बदलतो. हराळी व लव्हाळा जमिनीखालून फुटतात. कोळप्याने त्यांचे तुकडे होऊन ते पसरतात, तर ग्लायफोसेट मुळांपर्यंत पोहोचते. म्हणून ते थांबविताच ही तणे आधी डोके वर काढतात. त्यांच्यासाठी उन्हाळ्यातील खोल नांगरट व कडक ऊन हाच जुना उपाय उरतो. उलट, केना ग्लायफोसेटला सहज दाद देत नाही. तेच रसायन वारंवार वापरल्यास त्याचे फावते.

खरी अडचण मनुष्यबळाची आहे. चौफुली लागवडीत बैलजोडीने आडवी-उभी कोळपणी होत असे. ठिबकच्या नळ्या आल्यावर आडवे कोळपे अडले. बैलजोड्याही कमी झाल्या. निंदणी प्रामुख्याने महिला मजूर करतात आणि त्यांची गरज सर्वांना एकाच आठवड्यात भासते. त्यातच झड लागली, की काळ्या जमिनीत वाफसा येत नाही. माणूस व औजार दोन्ही बांधावर थांबतात आणि तण मात्र वाढत राहते. तणनाशकाला तोंड देणाऱ्या, परंतु मंजुरी नसलेल्या कापूस बियाण्याचे आकर्षण याच अगतिकतेतून निर्माण झाले. शेतकरी संघटनेने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात त्याची जाहीर लागवड करून सरकारला आव्हान दिले होते.

केवळ निर्बंधांनी रसायन घटेल. तण घटणार नाही. कपाशीत मूग-उडदाचे आंतरपीक घेऊन जमीन झाकणे, लहान कोळपणी यंत्रे गावपातळीवर भाड्याने मिळणे, बांधावरील तण बी धरण्याआधी काढणे आणि नळ्या मांडतानाच कोळप्याची वाट राखणे, या गोष्टी सोबत झाल्या तरच फवारणी कमी करणे परवडेल. अन्यथा त्याचा भार लहान शेतकऱ्याच्या खिशावर आणि निंदणाऱ्या बाईच्या कंबरेवर पडेल.