यंत्राला बाणकोटी कोण शिकवणार?

संगणक आणि विज्ञान यांवर मत द्यायला हल्ली अभ्यास लागत नाही. मंडणगडच्या एसटी स्टँडवर, म्हाप्रळच्या चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा निकाल रोज लागतो. एक म्हणतो, यंत्राला सगळे ठाऊक आहे, आता मास्तर कशाला? दुसरा म्हणतो, ही कयामतची निशाणी, पोरांना दूर ठेवा. आम्हाला दोन्ही मते अमान्य आहेत. दोघांनीही यंत्र कशावर चालते ते विचारलेले नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले. असे यंत्र अफाट लिखित मजकुरावर घडते. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येईल, याचा ते अंदाज बांधते. ज्यांचा मजकूर मुबलक, त्यांची भाषा त्याला नीट येते. ज्यांचा नाही, त्यांच्याविषयी ते इतरांनी लिहिलेले सांगते किंवा चक्क रचून सांगते. यात चमत्कार नाही, सैतानही नाही.

मग प्रश्न असा की, आमचा मजकूर कुठे आहे? ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणातल्या बोलींमध्ये 'बाणकोटी'ची नोंद आहे. आमच्याच तालुक्यातल्या बाणकोट बंदराचे नाव सांगणारी ही मुसलमानांची बोली. परक्या सरकारच्या अधिकाऱ्याला ती टिपावीशी वाटली. आमच्यातले शहाणे मात्र तिला 'अशुद्ध' म्हणतात. शाळेत उर्दू, कचेरीत प्रमाण मराठी आणि घरची बोली दाराआड! उर्दूशी आमचे भांडण नाही. आईच्या बोलीची लाज बाळगण्याशी आहे. कुवेतहून मुलगा आईला मोबाइलवर निरोप धाडतो, तो कुठल्या भाषेत? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली. त्या मराठीत बाणकोटीचा वाटा मागायचा कुणी?

जे लिहिले गेले, तेही अडकून पडले आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर कथा, कविता, लेख पुष्कळ छापले गेले. पण जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये कागदावर 'क' दिसला, तरी फाइलमध्ये त्या जागी भलत्याच अक्षराचा संकेत असतो. फॉन्ट नसला की मजकुराची गिचमिड होते, शोधयंत्राला तो सापडत नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. तरीही आमची पुस्तके संगणकाच्या लेखी कोरीच!

कुणी म्हणेल, आपली बोली कंपन्यांच्या घशात फुकट का घालावी? शंका रास्त आहे. पण लिहून ठेवणे म्हणजे विकणे नव्हे. लिहिलेले आधी आपल्या नातवंडांच्या हाती राहते. कुणाला द्यायचे, कोणत्या अटीवर, हे मग ठरवता येते. जवळ काहीच नसेल, तर अट तरी कशावर घालणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुस्लिम मराठी लेखकांचे जुने अंक आणि पुस्तके लेखकांच्या संमतीने युनिकोडमध्ये आणा. खाडीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची लग्नगीते, म्हणी, मासळीची आणि भाताची नावे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि देवनागरीत उतरवून ठेवा. कॉलेजातली मुले-मुली हे काम मोबाइलवर करू शकतात. यंत्राविषयी मते देणारे आमच्यात खूप झाले. आता बोलीची चार पाने लिहिणारे हवेत. म्हातारी माणसे थांबून राहणार नाहीत.